पाणघोड्याच्या बुडाखालचं बूच

"पाणघोड्याला पोहता येतं का?"

भर गावसभेत, खोत्ल्यात, अख्ख्या गावासमोर उभी राहून मी हे विचारलं. झाडाखाली पुढे आमचे खोसी मोगालाक्वे, म्हणजे गावप्रमुख. त्यांच्यासमोर घरून खुर्च्या आणून बसलेले पुरुष, चटयांवर डोकी झाकलेल्या बायका, आणि पार मागे शाळेच्या गणवेशातल्या आम्ही. पैज माझ्या मैत्रिणींची, केलेबोन्ये आणि थातोची. "मागच्या वर्षी हजेरीलासुद्धा कुजबुजायचीस," थातो म्हणाली होती, "दम असेल तर विचारून दाखव." आता, जिल्ह्याच्या वादविवाद स्पर्धेत दुसरी आल्यापासून माझा आवाज मलाच इतका आवडायला लागलाय की दमाचा प्रश्नच नव्हता.

सगळे फिदीफिदी हसले. एक आजोबा तर खुर्चीसकट मागे कलंडले.

खोसींनी माश्या उडवायचा झुपका वर केला तशी शांतता झाली. खोत्ल्यात जो उभा राहील त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकायचं, मग तो कितीही बावळट बोलो, हा नियम आहे. माझ्यासाठी तर खास केला असावा.

"बोल, पोरी. पण आधी सांग, तू कुणाची?"

"केवागिलेंची, रा. मी बोइत्सेपो." मोठ्या पुरुषाशी बोलताना आम्ही मानाने 'रा' म्हणतो, बाईशी 'म्मा'.

"म्हणजे पाहुण्याच्याच घरची!" कुणीतरी ओरडलं आणि परत हशा.

हसण्याचं कारण असं. आमच्या कुळाचा प्राणी पाणघोडा. आम्ही त्याला मारत नाही, त्याचं मांस खात नाही, त्याच्या कातड्याचा चाबूकसुद्धा हातात घेत नाही. बाकी गाव मगरवाले, हत्तीवाले. गावात पाणघोड्याचं घर एकच, आमचं. आणि बारा दिवसांपूर्वी एक पाणघोडा मोठ्या नराकडून कान चावून घेऊन नदीतून पळाला, तो थेट 'तीन ताड' कॅम्पच्या पोहण्याच्या तलावात येऊन बसला. त्याच कॅम्पात बाबा पर्यटकांना मोकोरोतून, म्हणजे आमच्या लांबट होडीतून, लव्हाळ्यांत फिरवून आणतात. आई तिथेच धुलाई सांभाळते. तेव्हापासून जो तो बाबांना विचारायचा, "काय केवागिले, तुझे काका कधी जाणार?"

बाबाही हसायचे. मग वन्यजीव खात्याचे ओंत्लामेत्से फाईल घेऊन आले. जनावर चौदा दिवस माणसांच्या आवारात राहिलं तर ते धोकादायक. शुक्रवारी सकाळी दहाला बंदूक.

"दहालाच का, रा?" बाबांनी विचारलं होतं.

"साडेआठला पलीकडच्या गावात माझा एक हत्ती आहे."

त्या दिवशी जेवताना बाबांनी ताटली खाली ठेवली. म्हणाले, "ज्या आवारात माझं माणूस मारलं जाईल, तिथलं अन्न मला चालायचं नाही." म्हणजे काम गेलं, होडी गेली, नदी गेली आणि आम्ही सगळे दूर फ्रान्सिसटाउन शहरात माझ्या काकांच्या टायरच्या दुकानात. बाबा आणि टायर! बाबांना चार चाकांपैकी एकही आवडत नाही. आणि मी? मला तर नदी दिसली नाही की दातसुद्धा नीट घासता येत नाहीत. तेव्हा मैत्रिणींना गंमत हवी होती, पण मला शुक्रवारच्या आत काहीही, अगदी काहीही विचारायचं होतं. दुसरं काही सुचत नव्हतं, एवढंच.

"केवागिले," खोसी म्हणाले, "मुलीला उत्तर दे."

बाबा टोपी हातात घेऊन उठले. "नाही येत, रा. जड असतो ना. तळावरून चालतो."

"मग तलावातलं पाणी काढून टाका," माझ्या तोंडून गेलं. "तळ राहीलच की. चालत जाईल घरी."

आता कुणी हसलं नाही. कलंडलेले आजोबाही सरळ झाले.

कॅम्पचे मॅनेजर सेआबेलो उभे राहिले. ते नेहमी इस्त्रीच्या कपड्यांत असतात आणि बोलताना रडवेले होतात. "पाणी सोडायचं बूच तळाशी आहे, खोसी. आणि तो बरोबर बुचावर बसलाय."

"उठत नाही?"

"कशाला उठेल? जेवण जागेवर येतं. सकाळी आचारी सहा कोबी टाकतो. दुपारी पाहुणे आपापलं सॅलड टाकतात. हॉलंडच्या बाईंनी काल त्याला पुडिंग दिलं, चमच्याने." त्यांनी रुमाल काढला. "रा, कुणी प्राणी बघायला जात नाही हो! गाड्या उभ्या, होड्या उभ्या. चौदा पाहुणे दिवसभर तलावाभोवती. परवा खुर्च्यांमागून सिंह गेला, तर हॉलंडचे गृहस्थ त्याला म्हणाले, जरा बाजूला, उजेड अडतोय."

"सिंह झाला बाजूला?"

"झाला, रा."

खोसींनी बराच विचार केला. शेवटी निवाडा असा झाला: तलावातल्या पाहुण्याचं जेवण बंद. आणि त्याला उठायला सांगायचं तर त्याच्याच माणसाने सांगायचं, नीट, रीतीने.

बुधवारी शाळा सुटल्यावर मी धावतच कॅम्पवर गेले. बाबांनी मयतीला घालायचा कोट घातला होता. तलावाच्या काठाशी जाऊन त्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांनी मानाची टाळी वाजवली आणि नमस्कार केला, "दुमेला, रा." पाण्याबाहेर दोन कान, दोन डोळे, दोन नाकपुड्या. एक कान हलला. मग बाबांनी कुळाची स्तुती म्हणायला घेतली: नदीचा दरवाजा खांद्याने लावणाऱ्या, ज्याच्या पाठीवर बगळा झोप काढतो त्या थोर पुरुषा, ज्याच्या जांभईने वाळवंट मागे सरकतं... काय म्हणाले सांगू! माझ्या अंगावर काटा आला. हॉलंडच्या गृहस्थांनीही टोपी काढली.

पाणघोड्याचे डोळे तिसऱ्या कडव्याला अर्धे मिटले, पाचव्याला पूर्ण. स्तुती संपली तेव्हा तो इतक्या समाधानाने आणखी खाली रुतला की बुडबुडे आले.

"केवागिले," सेआबेलो पडेल आवाजात म्हणाले, "तू त्याला निरोप दिलास की महिनाभराचं आमंत्रण?"

"रीत तीच आहे, रा. आधी मान द्यायचा."

"एवढा मान मिळाल्यावर मी तरी उठलो असतो का!"

घरी बाबा कोट न काढताच बसून राहिले. गुरुवारी दुपारी मी शाळेतून कॅम्पवर पोचले, तेव्हा आई तलावालगत वाळत घातलेल्या चादरी काढायला गेली आणि जागीच थांबली. पाणघोडा शेपूट पंख्यासारखी फिरवत, चहूकडे शेण उडवत आपला कार्यक्रम उरकतो, हे नदीवर सगळ्यांना माहीत असतं. नदीवर चादरी नसतात.

"चौदा," आई म्हणाली. "पांढऱ्या." मग टोपली खाली ठेवली. "आता मी बोलते त्याच्याशी."

बाबा घाबरलेच. "म्मा-बोइत्सेपो, तू? तुला नाही चालायचं."

"का नाही चालायचं? तू माझ्या सख्ख्या मामाचा मुलगा. तुझं कुळ ते माझ्या मामाचं कुळ. म्हणजे हा लागला माझा मामेभाऊ. मामेभावाला मी वाट्टेल ते बोलू शकते."

आमच्यात मामे-आते भावंडांनी एकमेकांना भर लग्नातसुद्धा वाटेल तसं टोचावं, कुणी राग मानत नाही. उलट गप्प बसलं तर विचारतात, काही भांडण झालं का? बाबांनी फक्त एवढं सांगितलं, "त्याच्या आईवर जाऊ नकोस. ती माझीही कुणीतरी लागते."

आई काठाशी गेली. कमरेवर हात.

"ए मामेभावा! डोळे उघड, मी बोलतेय! कान काय चावला, नदी सोडून पळालास? आमची कोंबडी घारीशी भांडते, कोंबडी! आणि तू? बैलगाडीएवढं धूड घेऊन बुचावर बसलायस! नदीत तुझ्या बायका काय सांगत असतील पोरांना? तुमचे बाबा कुठेत? तुमचे बाबा हॉलंडच्या बाईच्या हातचं पुडिंग खातायत, चमच्याने! चौदा चादरी, मेल्या! चौदा! लाज वाटत नसेल तर निदान शेपूट तरी आवर!"

पाहुण्यांनी सेआबेलोंना विचारलं, बाई काय म्हणतायत? सेआबेलो म्हणाले, त्याच्या तब्येतीची चौकशी करतायत.

त्यात दोन दिवस कोबी नाही. हॉलंडच्या बाईंच्या बाहीत काकडी सापडली होती, तीही जप्त झाली होती. पाणघोडा उठला.

अहो, उठला म्हणजे काय! तलावाचं अर्धं पाणी काठावर आलं, माझे बूट भरले. त्याने तोंड उघडलं ते उघडतच गेलं. पाहुणे मागे सरले. आई नाही सरली.

"तोंड मीट, माशी जाईल!"

तो आईच्या दिशेने दोन पावलं चालला. बाबा धावत मध्ये पडले, टोपी छातीशी धरून, "माफ करा, रा, माफ करा, सासुरवाशीण आहे, चादरींचा ताण आहे..." असं म्हणत. सगळ्यांचे डोळे तिकडे. आणि माझ्यासमोर, तलावाच्या दुसऱ्या टोकाला, हिरवट पाण्याखाली बूच लख्ख दिसत होतं. वर लोखंडी कडी.

भिंतीला बाबांची मोकोरोची काठी टेकवलेली. माणसाच्या दुप्पट लांब, टोकाला दुबेळकं. त्या काठीला हात लावायची मला सक्त मनाई. "तुझ्या हातात पेन," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. मी काठी उचलली.

आता खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं दर शनिवारी मी मोत्से आजोबांची गळकी होडी लव्हाळ्यामागे नेत होते. त्यामुळे एक गोष्ट मला पाठ होती. पाण्यातली वस्तू दिसते तिथे कधीच नसते. दिसते त्याच्या वीतभर खाली काठी धरायची. मी पाय फाकवले, वीतभर खाली धरली, दुबेळकं कडीत अडकलं. आणि ओढलं.

गुड्‌डप!

पाणघोड्याने वळून पाहिलं. लगबगीने परत येऊन बसला, पण आता बसून काय उपयोग? तासाभरात पाणी त्याच्या खांद्याखाली गेलं, मग पोटाखाली, मग गुडघ्याखाली. शेवटी तो कोरड्या निळ्या खड्ड्यात उभा राहिला, सासरच्या मंडळींसमोर कुणी अंगावरचं पांघरूण ओढावं तसा. गुलाबी, ओला आणि फार एकटा. आईचे कमरेवरचे हात खाली आले.

"तोंडं फिरवा!" बाबा एकदम म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांनी! थोराला असं बघायचं नसतं. त्याची लाज राखा."

आचारी वळला, सेआबेलो वळले, आई वळली. आणि काय नवल, सेआबेलोंनी समजावून सांगितल्यावर पाहुणेही वळले. सात समुद्र ओलांडून प्राणी बघायला आलेली चौदा माणसं, गळ्यात कॅमेरे, भिंतीकडे तोंड करून शाळेतल्या शिक्षेसारखी ओळीने उभी! एकानेही मान वळवली नाही. हॉलंडच्या बाईंनी तर डोळेही मिटले होते.

त्यामुळे तो कसा गेला ते कुणीच पाहिलं नाही. फक्त ऐकलं. पायऱ्यांवर ओली पावलं. मग जेवणाच्या तंबूत काहीतरी आडवं झालं. ते सूप होतं, हे नंतर कळलं. मग बराच वेळ गवत. मग नदी. ते 'धप्प' आम्ही सगळ्यांनी पाठीने ऐकलं. बाबांचे खांदे खाली आले आणि त्यांनी टोपी डोक्यावर घातली.

शुक्रवारी बरोबर दहाला ओंत्लामेत्से आले. बंदूक गाडीत ठेवून फाईल घेऊन उतरले. शाळेत न जाता मी तिथेच होते. आईने एकदा रागाने पाहिलं.

"जनावर कुठाय?"

"गेलं, रा," बाबा म्हणाले.

"कुठे?"

"घरी."

ओंत्लामेत्सेंनी फॉर्म पुढून-मागून पाहिला. "'गेलं'ला रकाना नाही. 'मारलं' आहे आणि 'हलवलं' आहे."

"मग हलवलं लिहा."

"हलवणाऱ्याचं पद लागतं." त्यांनी आईकडे पाहिलं. "पद काय लिहू, म्मा?"

"आतेबहीण."

त्यांनी लिहिलं. अगदी सुवाच्य अक्षरात. मग विचारलं, "आणि बूच कुणी काढलं?"

सेआबेलोंनी माझ्याकडे बोट दाखवलं. बाबा माझ्याकडे वळले. कालपासून ते माझ्याशी काठीबद्दल एक अक्षर बोलले नव्हते.

"वीतभर खाली धरलीस," ते म्हणाले. "मी बघत होतो. कुठे शिकलीस?"

"मोत्से आजोबांच्या होडीत."

"ती गळते."

"एका हाताने पाणी उपसते मी."

"आणि काठी?"

"दुसऱ्या हाताने."

बाबा नदीकडे बघत राहिले. समोर लव्हाळ्याच्या कडेला दोन कान वर आले, एक चावलेला, आणि पुन्हा खाली गेले.

"टायरचं काय?" आईने हळूच विचारलं.

"कसले टायर?" बाबा म्हणाले. "होडी काढायचीय मला. लोक थांबलेत."

ते काठी घ्यायला भिंतीकडे निघाले, तशी मी त्यांच्या आणि काठीच्या मध्ये जाऊन उभी राहिले. खोत्ल्यात उभी राहिले होते तशीच, हात मागे बांधून.

"आई, बाबा, ऐका. शाळा मी पूर्ण करणार. पण डिसेंबरच्या सुट्टीत मोकोरोवाल्यांच्या संघाची परीक्षा देणार आहे. काठी माझी मी तोडून आणीन, बाबा. तुमची मला आखूड पडते."