वेलीखालचा पिवळा टाका

मी मांजरपाटाचा एक तुकडा बोलतोय. नावात मांजर असलं तरी मला पाहून आजवर एकही उंदीर पळालेला नाही. जाडाभरडा, ना धड पांढरा ना धड पिवळट, असा मी. माझ्या भाऊबंदांच्या गाद्यांच्या खोळी झाल्या, पडद्यांची अस्तरं झाली, काहींनी फरश्या पुसल्या. गिरणीत मागावरून उतरलो तेव्हा मलाही यापेक्षा जास्त अपेक्षा नव्हती.

दुकानात बरेच दिवस खालच्या फळीवर पडून होतो. एकदा एक बाई आल्या आणि म्हणाल्या, "असं कापड द्या, की खराब झालं तरी कुणाला वाईट वाटणार नाही." दुकानदाराने जराही विचार न करता मला बाहेर काढलं. आपल्याबद्दल लोकांचं मत काय आहे, ते असं आडूनच कळतं.

त्या बाईंना सगळे ताई म्हणायचे. दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, मनाच्या डॉक्टरांच्या खोलीशेजारी, त्या दर बुधवारी दुपारी एक वर्ग चालवत. कुणाची झोप उडालेली, कुणाचं माणूस गेलेलं, कुणाच्या घरात माणसं भरपूर पण बोलायला कुणी नाही, अशी मंडळी तिथे जमायची आणि भरतकाम करायची. नियम एकच होता. इथे कुणी कुणाला "आता कसं वाटतंय?" असं विचारायचं नाही.

ताईंनी मला टेबलावर मांडलंच नाही. खुर्च्या गोल केल्या आणि मला सगळ्यांच्या गुडघ्यांवर पसरलं. ज्याच्यासमोर जो भाग येईल, तो त्याचा. एकाने दोरा ओढला की दुसऱ्याला तो जाणवायचा. माणसं तोंडाने काहीही सांगोत, गुडघे खोटं बोलत नाहीत. काही दगडासारखे असत, काही सारखे हलत. वर्ग संपत आला की बरेचसे सैल पडत. मला वाटायचं, आपण कामाचे आहोत.

सगळ्यात सुबक हात सिस्टरांचा. त्या निवृत्त नर्स. हाताने टाका आणि तोंडाने टोमणा, दोन्ही एकाच वेगाने चालायचे. "मुलं परदेशी, नवरा देवाघरी. मग टाके घालते. जन्मभर माणसांना घातले, आता कापडाला. कापड निदान ओरडत नाही," असं त्या म्हणायच्या.

एका बुधवारी एक नवी नवरी सासऱ्यांना घेऊन आली. सासरे बंदरावर क्रेन चालवायचे. बायको गेल्यापासून त्यांनी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. सुनेने ताईंना बाजूला घेतलं. ताईंच्या हातात माझी घडी होती, म्हणून मलाही ऐकू आलं.

"मी बाबांना सांगितलंय, मला एकटीला यायला संकोच वाटतो, सोबत चला. तेव्हा पेशंट मी आहे, बरं का."

"बरं. आणि काय झालंय तुम्हाला?"

"नवीन लग्न."

ताई हसल्या. मग सून हळू आवाजात म्हणाली, "आमच्या ह्यांचं म्हणणं, बाबांचं वय झालंय, दुसरं काही नाही. भरतकामाने कुणी बरं होतं का, म्हणतात. मी म्हटलं, दोन महिने बघू. नाहीतर मनाच्या आजारांच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन ठेवायचं चाललंय ह्यांचं."

सासरे, म्हणजे वर्गाचे आजोबा, माझ्या कोपऱ्याशी बसले. त्यांचा गुडघा थरथरत होता. पहिले काही बुधवार त्यांनी सुई नुसती धरून ठेवली. मग एकदा एक उभा धावदोरा घातला. तो दारुड्यासारखा झोकांड्या खात वर गेला. त्याच्या टोकाला त्यांनी एक चौकोन काढला, तोही तिरका.

"काय काढताय, आजोबा?" सिस्टरांनी विचारलं. "शिडीवरची म्हैस?"

सगळे हसले. आजोबांच्या ओठांचीही जरा हालचाल झाली. पुढच्या खेपेला सिस्टर चहा आणायला बाहेर गेल्या होत्या, तेव्हा त्यांनी सुनेकडून पिवळा दोरा मागून घेतला. त्या उभ्या रेघेच्या अगदी तळाशी एकच गाठ मारली, मोहरीएवढी.

"ही कोण, बाबा?"

"तुझी सासू." त्यांचा आवाज गंजल्यासारखा झाला होता. "डबा घेऊन गेटाशी उभी राहायची. वरून क्रेनच्या केबिनमधून एवढीच दिसायची. पिवळी साडी नेसून ये म्हणायचो, म्हणजे गर्दीत सापडते."

"आणि नाही नेसल्या तर?"

"तर उपाशी."

सून हसली आणि मान खाली घालून बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिली. त्या दिवशी त्यांचा गुडघा थरथरला नाही. जाताना ते म्हणाले, "त्याला आणू एकदा. दाखवू." तो म्हणजे त्यांचा मुलगा.

मग प्रदर्शन ठरलं. वर्गाला मदत देणारी मंडळी पाहायला येणार होती. त्यांना आवडलं तर वर्ग पुढे चालणार होता. त्याच सुमारास सून आठवडाभर माहेरी गेली, आणि तिच्याशिवाय आजोबा आले नाहीत. ताई निमंत्रणांच्या गडबडीत होत्या. मला नीटनेटकं करायचं काम सिस्टरांनी आपण होऊन अंगावर घेतलं.

त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. माझा कोपरा मांडीवर घेऊन त्या स्वतःशीच म्हणाल्या, "बिचाऱ्यांचा हात थरथरतो. चार लोकांत हसं नको व्हायला." त्यांनी ती रेघ उसवली. चौकोन उसवला. पिवळी गाठ म्हणजे कुणाचा तरी सुटलेला दोरा, असं समजून ती कात्रीने टिपली आणि फुंकर मारून उडवली. मग तिथे साखळी टाक्याची वेल भरली, पाना-कळ्यांसकट. इतकी सुंदर वेल माझ्या अंगावर दुसरी नाही. शेवटी उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवली. सुईची भोकंसुद्धा बुजली.

प्रदर्शनाला आजोबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. मुलाला त्यांनी मनगटाला धरून आणलं होतं, लहान मुलाला आणावं तसं. मागे सून. पाहुण्यांमधून वाट काढत ते थेट माझ्या कोपऱ्याशी आले.

"बघ," ते म्हणाले. "तुझी आई."

मुलाने वेल पाहिली. "कुठे, बाबा?"

आजोबांचं बोट माझ्यावरून वर गेलं, खाली आलं, पुन्हा वर गेलं. "इथेच होती. पिवळी. इथे खाली..."

"बाबा, ही वेल आहे."

सून पुढे झाली. "अहो, खरंच होतं. मी पाहिलंय."

मुलगा तिच्यावर रागावला नाही. त्याने तिच्याकडे फक्त कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "तू कशाला त्यांच्या हो ला हो करतेस?"

आजोबांनी बोट मागे घेतलं. "नसेल," ते म्हणाले. "चला."

सिस्टरांना मागाहून कळलं. त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून आपलीच वेल पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्या पिवळा दोरा घेऊन त्यांच्या घरी गेल्या. आजोबा दाराशी आले, त्यांनी दोरा पाहिला आणि म्हणाले, "राहू द्या. गेलेल्या माणसाला किती वेळा बोलवायचं." हे सुनेने ताईंना सांगितलं. त्यानंतर दोघंही वर्गाला आली नाहीत. आजोबांना मोठ्या दवाखान्यात ठेवल्याचं पुढे कानावर आलं.

पाहुण्यांना मी फार आवडलो. किती सफाई, असं जो तो म्हणाला. तरीही वर्ग बंद पडला. ताईंची बदली झाली आणि त्या खोलीत आता औषधांचे खोके रचले आहेत. मला काचेत बसवून जिन्याच्या वळणावर टांगलं. काचेमुळे धूळ लागत नाही. काहीच लागत नाही.

तिथून ते घरी आले असावेत, कारण परवा ती दोघं वरच्या मनाच्या डॉक्टरांकडे जायला जिन्यावरून गेली. आजोबा खूप वाळले आहेत. एकेक पायरी चढताना सून त्यांचा दंड धरून होती. दम खायला ते नेमके माझ्यासमोर थांबले. माझ्याकडे पाहिलं, त्या कोपऱ्याकडेही पाहिलं.

"वेल छान काढलीय कुणीतरी," ते म्हणाले. परक्या घरी गेल्यावर माणूस भिंतीवरच्या तसबिरीचं कौतुक करतो, तशा आवाजात.

"हो, बाबा," सून म्हणाली, आणि दोघं वर गेली.

वाचकहो, माझं मागणं मोठं नाही. तुमच्या हाती कधी दुसऱ्याचं वेडंवाकडं काम आलं, तर ते नीट करायला जाऊ नका. आधी विचारा. विचारायला माणूस समोर नसेल, तर वाट पाहा. माझ्यासाठी आता काही करण्यासारखं उरलेलं नाही. माझं सगळं अगदी नीट झालं आहे.