मी केशरी, पण नाव मिळालं त्या गुलाबीला

जरा थांब ना, माझंही ऐकून घे. मी एक जिवाणू. मला मीठ लागतं, ढीगभर लागतं. साध्या पाण्यात टाकलंस तर फुटून संपेन. समुद्रापासून कितीतरी आत, इराणातल्या अरान-बिदगोलच्या मीठतळ्यात माझा जन्म. तिथे चिखलात आम्ही लाखोंनी राहायचो. नाव कुणालाच नव्हतं, त्यामुळे कुणी कुणावर जळायचं नाही.

मग तेहरानहून सियामक आणि नाजगोल आले, दोघंही संशोधन शिकणारे. चिखल बाटलीत भरून प्रयोगशाळेत नेला आणि खारट खाऊ घातलेल्या काचेच्या बशीत आम्हाला पसरलं. तीन आठवड्यांनी मी उगवलो. गोल, चकचकीत, केशरी ठिपका! सियामक बघतच राहिला. आणि माझ्यापासून बोटभर अंतरावर ती उगवली. गुलाबी. नाजगोलला ती आवडली. खरं सांगू? चिकट होती, कडा वेड्यावाकड्या. पण गुलाबी ना, सगळे वाकून वाकून तिलाच बघायचे.

आमचं प्रत्येकी एकच जनुक आधीच्या ओळखीच्या जातींशी ताडून पाहिलं. तिचा जवळचा नातलग सत्त्याण्णव टक्के जुळला, माझा फक्त शहाण्णव. जुन्या जातीतलं ठरायला नव्व्याण्णवच्या आसपास जुळावं लागतं, म्हणजे दोघंही नवीन, मी जरा जास्तच! पण नाव मिळवायचं तर सगळीच जनुकं वाचून घ्यावी लागतात, आणि त्या खेपेला यंत्रावर एकच जागा उरली होती. डॉक्टर खानूम, म्हणजे त्यांच्या बाई, म्हणाल्या, तुमचं तुम्ही ठरवा.

आता इथली माणसं कशी, 'आधी तुम्ही' म्हटल्याशिवाय दारातूनसुद्धा जात नाहीत. सियामक म्हणाला, तुमचा नमुना जाऊ दे. नाजगोल नको म्हणाली. असं तीनदा झालं. तीनदा म्हटलं की रीत पुरी, इथे थांबायचं ना रे! पण पठ्ठ्याने छातीवर हात ठेवून चौथ्यांदाही आग्रह केला. "बरं, एवढं म्हणताय तर," म्हणत तिने गुलाबीची नळी उचलली. तो हसत राहिला, पण कान लालबुंद.

मी पाच महिने थांबलो. माझी पाळी यायला आठ दिवस होते, आणि चीनमधल्या एका खाऱ्या तळ्यातला माझ्याच जातीचा कुणीतरी शोधपत्रिकेत छापून आला. नावासकट! संपलं. मी नवीन उरलोच नाही.

गुलाबीचं नाव छापून आलं तेव्हा नाजगोलने पिस्त्याची मिठाई वाटली.

"एकदा तरी 'आधी माझा' म्हणायचं होतंत, सियामकसाहेब," ती हळूच म्हणाली.

"तुम्ही अजून एकदा नको म्हणाला असतात, तर म्हणणारच होतो."

हसलं कुणीच नाही.

आता मी उणे ऐंशीच्या थंडीत गोठून पडलोय. शेजारच्या खाचेत ती. तिच्या नळीवर तिरप्या अक्षरांत लॅटिन नाव, माझ्यावर नुसता आकडा. गोठूनही जळतोय मी, काय करू?

त्यात परवा सियामकला एक पिवळा ठिपका सापडला. तो तडक डॉक्टर खानूमकडे गेला आणि म्हणाला, या खेपेला आधी माझा. धडा शिकला माझ्यावर, फायदा त्या पिवळ्याला!

म्हणून सांगतो, आत्ता जो तुझ्या हातात आहे ना, त्याच्यासाठी वेळेवर तोंड उघड. पुढच्यासाठी काय, कुणीही बोलतं.