रसाची रेघ

सुष्मिताबाई शाळेच्या प्रदर्शनासाठी, काहिलीतला उसाचा रस दर पाच मिनिटांनी किती तापला याचे रंगीत स्तंभ काढत होत्या. चाळीस वर्षं गुऱ्हाळावर गूळ केलेले त्यांचे वडील भीमाप्पा डोकावले.

"मास्तरीणबाई, रस काय पायऱ्या चढून तापतोय व्हय? सलग तापतोय की! रेघ ओढ."

"अप्पा, स्तंभ उठून दिसतात."

"दिसू देत. खोटं हाय ते!"

दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता भीमाप्पा वारले.

महिन्याभराने वर्गात सुष्मिताबाईंनी नव्या कागदावर रसाच्या त्याच आकड्यांचे ठिपके मांडून जोडले. रेघ झोकात वर चढली.

"बाई, नेहमीसारखे स्तंभ का काढले नाहीत?" पहिल्या बाकावरच्या भूमिकाने विचारलं.

बाई रेघेकडे बघत हसल्या आणि भर वर्गात मोठ्याने म्हणाल्या, "अप्पा, तुमचंच खरं हाय की!"