गार कपाळ

"बघा ना मावशी, कपाळ गार आहे की नाही?"

पाळणाघराच्या दारात मावशींनी पोराच्या कपाळाला हाताची मागची बाजू लावली. गार होतं. पोराची आई कारखान्यात पॅकिंगला होती. कामगारांना न्यायला आलेली गाडी कोपऱ्यावर हॉर्न देत होती आणि ती एका पायावर उभी होती. पोर अकरा महिन्यांचं, गुटगुटीत. सगळं पाळणाघर त्याला बोका म्हणायचं. पण आज बोक्याच्या तोंडाला गोड औषधाचा वास येत होता. तापाच्या औषधाचा. चोवीस वर्षांत मावशींच्या नाकाला तो वास चांगलाच ओळखीचा झाला होता. औषध पाजलं की कपाळ चार-पाच तास गार राहतं, आई कामावर पोचते आणि दुपारी पोर तापाने फणफणतं. नियम साधा होता, ताप असेल तर दारातूनच परत.

"खरं सांग, काय पाजलंस?"

"मावशी, दोन खाडे झालेत. तिसऱ्याला मला घरीच बसवतील हो."

मावशींनीही एकेकाळी पोटच्या पोरीला असंच औषध पाजून शेजारणीच्या गळ्यात मारलं होतं. त्या विरघळल्या. मावशींचं हे नेहमीचंच, जीभ तिखट आणि काळीज मऊ.

"दे इकडे. आणि पुन्हा मला खुळ्यात काढायचं नाही, सांगून ठेवते."

बोक्याने त्यांच्या गळ्यात तोंड खुपसलं आणि खोकला.

आज त्यांना चार वाजता निघायचं होतं. नवऱ्याने तीस वर्षं दगड कापायच्या मशीनवर काढली होती, ती सगळी धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली होती. एक जिना चढायला तो तीनदा थांबायचा. दवाखान्यातल्या सिस्टरने दोनदा बजावलं होतं, "त्यांना न्यूमोनियाची लस टोचून घ्या. या छातीला न्यूमोनिया झेपायचा नाही. आणि तुमचं काम लहान पोरांत. त्यांच्या नाकाघशात हे जंतू असतात. पोरं मजेत खेळत असतात, पण तुम्ही घरी काय घेऊन जाताय ते तुम्हालाही कळणार नाही." पहिल्या वेळी मावशींना सुट्टी मिळाली नाही. दुसऱ्या वेळी त्यानेच पोट दुखण्याचं निमित्त केलं. जन्मभर दगडाशी झुंजलेला हा माणूस सुईला घाबरत होता. लस आठवड्यातून एकाच दिवशी टोचत. आज मात्र स्वारी तयार होती.

साडेअकराला त्याचा फोन आला. "अगं, कुठला शर्ट घालू?"

"कुठलाही घाला. दंड दाखवायचाय, मुलगी बघायला नाही जायचं."

हसत फोन ठेवून त्या वळल्या तर बोका सतरंजीवर निपचित पडला होता. अंगाला चटका बसत होता. त्यांनी त्याचं झबलं वर केलं. श्वासागणिक फासळ्यांखाली खड्डा पडत होता. आईला फोन लावला, पण कारखान्यात फोन गेटवरच जमा करून घेतात. तो नुसताच वाजत राहिला. गेटवरच्या माणसापाशी निरोप ठेवून, बाकीची पोरं दुसऱ्या बाईवर सोपवून त्यांनी हॉस्पिटलात जायला रिक्षा केली.

"न्यूमोनिया आहे," डॉक्टर म्हणाले. "ताप कधीपासून?"

खोटं बोलता आलं असतं. "सकाळीही होता. औषधाने दबला होता. मला माहीत होतं."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. ते ओरडले असते तर मावशींना बरं वाटलं असतं. पिशवीत बोक्याचं लसीचं कार्ड होतं. न्यूमोनियाच्या लसीचे पहिले दोन डोस वेळेवर, नवव्या महिन्याचा रकाना कोरा. तेव्हाही आईला सुट्टी मिळाली नसणार.

नाकाला नळी लावली तरी बोका त्यांचा गळा सोडेना. निरोप आईपर्यंत पोचायला संध्याकाळ झाली. ती आली तेव्हा सहा वाजले होते. लस टोचायचा दवाखाना पाचलाच बंद झाला होता.

घरी नवरा इस्त्रीचा शर्ट घालून, वरपर्यंत गुंड्या लावून खुर्चीत बसला होता. "वाचलो बुवा! आता पुढच्या आठवड्यात," तो खुशीत म्हणाला. मावशींनी अंग खसाखसा घासून आंघोळ केली, आपलं ताट वेगळं ठेवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून आतच अंथरूण घातलं.

"अगं, मी काय परका झालो?" बाहेरून तो हसत होता. हसता हसता त्याला ढास लागली. ती नेहमीचीच होती. तरीही मावशी ती थांबेपर्यंत कान देऊन बसल्या.

चौथ्या दिवशी त्याला हुडहुडी भरली.

त्याच हॉस्पिटलात, दोन मजले वर, दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, "न्यूमोनिया कुठून आला ते कुणालाच सांगता यायचं नाही. त्या दिवशी टोचली असती तरी लसीचा गुण यायला दोन-तीन आठवडे लागले असते. आधीच टोचायला हवी होती." मावशींनी मान हलवली. आधीच्या दोन्ही तारखा त्यांना तोंडपाठ होत्या.

आठव्या दिवशी बोक्याला घरी सोडलं. त्याची आई त्याला कडेवर घेऊन शोधत शोधत वर आली. मावशी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. आल्या आल्या ती त्यांच्या पाया पडायला वाकली.

"तुमच्यामुळे वाचला हा. पण तुम्ही इथे कशा? काकांना काय झालं?"

मावशींनी तिच्याकडे बघितलं. पोरीचे डोळे जागून जागून खोल गेले होते. एक वाक्य ओठांपर्यंत आलं होतं.

"वय झालंय," त्या म्हणाल्या. "दुसरं काय."

बोक्याने दोन्ही हात पुढे केले. मावशींनी त्याला घेतलं नाही. "राहिलेला डोस कधी द्यायचा ते विचारलंस का?"

"पुढच्या महिन्यात म्हणाले. पण सुट्टी..."

"मी नेईन त्याला. कार्ड तेवढं माझ्याकडे दे."

वॉर्डाचं दार उघडलं. एरवी तिथूनच नंबर पुकारणारी सिस्टर आज चालत बाकापर्यंत आली आणि तिने मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. मावशींना कळलं. बोक्याच्या आईलाही कळलं. तिने पोराला घट्ट धरलं.

मावशी उठल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या.

"तू इथे उभी राहू नकोस पोरी," त्या म्हणाल्या. "आत सगळे खोकतायत. आधी त्याला खाली घेऊन जा."

बोक्याची आई जिना उतरायला लागेपर्यंत त्या दाराशी थांबल्या. मग आत गेल्या.