जीवरामाच्या घरचं तेल

मित्रांनो, मी काचेची एक म्हातारी परीक्षानळी. अंगाने एवढीशी, तुमच्या मधल्या बोटाहून जरा लांब. पण ऐट मोठी, कारण माझ्या पोटात काही लपत नाही. परमुलखातल्या भट्टीत मला फुंकून घडवलं, आगबोटीने मी मुंबईला आले आणि तिथल्या दुकानातून प्रमिलाबाईंनी मला उचललं.

प्रमिलाबाई धुळ्याच्या. त्यांच्या आधी आमच्या भागातली कुणी बाई रसायनशास्त्र शिकल्याचं मी ऐकलेलं नाही. कॉलेजात त्यांना मुलांपासून लांब, खिडकीपाशी उभं राहून प्रयोग करावे लागत. तरी पदक त्यांनाच मिळालं. पुढे सरकारी तपासनिसाची जागा मागायला गेल्या, तेव्हा साहेब म्हणाला, "बाईमाणसाने तेजाब हाताळू नये, बोटं भाजतील." बाईंची बोटं तोवर चांगली भाजून झाली होती. त्यांनी सरळ जळगावला दोन खोल्या घेऊन आपली प्रयोगशाळा थाटली. सरकीचं तेल शुद्ध करायची त्यांची रीत विलायती मासिकात छापून आली, गिरणीवाल्यांनी ती उचलली. पटकीच्या दिवसांत कुठल्या विहिरीचं पाणी प्यायचं हे गावंच्या गावं त्यांना विचारू लागली. त्या सगळ्या कौतुकात माझाही वाटा होता, हे सांगायला मी लाजत नाही.

पण मित्रांनो, एक गाव माझ्या मनातून जात नाही.

दुसरं महायुद्ध पेटायच्या आदल्या वर्षी पारोळ्याकडच्या एका खेड्यात माणसांचे पाय सुजू लागले. धाप लागे आणि माणूस जाई. पाण्यावर संशय म्हणून बाईंना बोलावणं आलं. पाणी निर्मळ निघालं. मात्र गावाने आपलं उत्तर आधीच शोधलं होतं. ताईबाई नावाची एक विधवा होती. पाय सुजले की घरोघरचे लोक तिला चोळायला बोलावत. गावाने नेमकं उलटं धरलं. ताईबाई घरात येते म्हणून पाय सुजतात, ती डाकीण आहे, तिला गावाबाहेर काढायचं, असं ठरलं होतं. सगळ्यांत मोठा आवाज जीवरामचा. त्याची लहानगी पोर नुकतीच गेली होती.

बाई घरोघर फिरल्या. आजारी घरांतून एकाच डब्यातलं तेल निघालं. पारावर सगळ्यांसमोर त्यांनी माझ्यात तेजाब घातलं, वर तेल ओतलं आणि मला हलवलं. तळाशी लाल रंग उतरला. तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचं विष होतं.

कौतिकआबा नावाचे एक म्हातारे बाईंकडे बोट दाखवून म्हणाले, "आग नई, चूल नई, नी तेल लाल व्हयनं. हाई तिनापेक्षा मोठी डाकीण शे."

माणसं मागे सरकली. ताईबाई खाली मान घालून बसली होती. प्रमिलाबाईंनी मला धुऊन पुसलं, आणि पुसून झालं तरी पुसतच राहिल्या. कारण तो डबा जीवरामने बाजारातून आणून गावात वाटला होता, हे त्यांना कळलं होतं. बोलावं तर हा बाप मोडणार, गप्प बसावं तर ताईबाई जाणार.

"जीवरामभाऊ," त्या म्हणाल्या, "तेल तुमच्या हाताने ओता. आधी कौतिकआबांकडचं, मग तुमच्या घरचं."

आबांचं भुईमुगाचं तेल होतं तसंच राहिलं. मला पुन्हा धुतलं गेलं. जीवरामने आपलं तेल ओतलं, आणि माझ्या पोटात पुन्हा तो रंग उतरला. जीवराम मला हातातून सोडेचना.

"हाई तेल मीच लई उनथू," तो म्हणाला. "बाजारमा सस्तं भेटनं म्हनीसन बठ्ठासले वाटं. मनी पोर भाकरवर मांगी मांगी खाये."

तो तिथेच बसला. त्याच्याजवळ कुणी जाईना. शेवटी ताईबाई उठली आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ऊठ रे भाऊ. तुले काय ठाऊक व्हतं?"

ताईबाई गावात राहिली. डबे ओतले गेले, सूज थांबली. बाईंचं नाव झालं. पण त्यानंतर कापसाची गाडी घेऊन जळगावला आला की जीवराम आधी आमच्या दारात येई. उपरण्यात बाटली, बाटलीत गावातल्या कुणाचं तरी तेल. "पाही ल्या, बाई." तेल चांगलं निघे, तरी तो उठत नसे. माझ्याकडे बघत राही. एकदा त्याने विचारलं, "तो लाल रंग बठ्ठा धवाई गया का?"

"भाऊ, नळी स्वच्छ आहे."

"मी नळीनं नई इचारी राहिनू, बाई."

बाईंनी मला त्याच्यासमोर पुन्हा एकदा धुतलं.

स्वातंत्र्य आलं त्या वर्षी प्रमिलाबाई गेल्या. आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. दुर्लक्षाचं मला फार वाईट वाटत नाही. पण मुलांनो, तुमच्या शाळेत माझी भावंडं असतील. तास संपायची घंटा झाली म्हणून त्यांना घाईघाईत विसळून ठेवू नका. मागचा एक थेंब जरी तळाशी राहिला, तरी पुढचं चांगलं तेलही लाल दिसतं. मग खोट्या आळावरून लोक एखाद्या ताईबाईला घराबाहेर ओढतात, आणि खरं काय ते सांगायला तिथे कुणी नसतं.