पडद्याबाहेरच्या चपला

मला जरा हलू द्या, म्हणजे बोलता येईल. मी पडदा आहे. स्वस्थ राहणं माझ्या स्वभावातच नाही. वसमतच्या बाजारातलं जाड मरून कापड आणि वर पितळी कड्या, एवढंच माझं मूळ. २००३ साली मला हिंगोलीजवळच्या गोरेगावात, पिठाच्या गिरणीमागच्या खोलीच्या दारात टांगलं.

ती खोली हिंगोलीच्या एका संस्थेनं भाड्यानं घेतली होती. पाटीवर नुसतं ‘युवक आरोग्य’. आत अभ्यास चालायचा तो ज्यांचा जीव पुरुषांवरच जडतो अशा तरुण पोरांचा. त्यांना एचआयव्हीबद्दल काय ठाऊक आहे, दवाखान्यात जायला ते का बिचकतात, हे संस्थेचा स्वानंद विचारायचा आणि अनुसूयाताई सल्ला द्यायच्या. सगळं गुप्त राहील, असं सांगताना दोघंही माझ्याकडे बोट दाखवायचे. मी गर्वानं फुगायचो.

एका बाजाराच्या दिवशी जवळच्या तांड्यावरचा देविदास आला. विशीतला, नुकतंच लग्न झालेला. बराच वेळ नखं कुरतडली आणि मग एका दमात सांगून टाकलं की लग्नाआधीपासून त्याचा जीव एका मित्रावर आहे. बायको रुपा माहेरी होती, दिवाळीनंतर यायची होती.

“ती यायच्या आत मला कळलं पायजे,” तो म्हणाला. “तिला काहून तकलीफ?”

पुढच्या बाजारी त्याला रक्त तपासायला हिंगोलीला न्यायचं, असं स्वानंदनं कबूल केलं.

पण बाहेर घोटाळा झाला. आपल्याकडे चपला घालून कोणी आत येतं का? देविदासच्या चपलेला टायरचा तळ होता आणि निळ्या वायरची शिवण. अख्खा तांडा ती ओळखायचा. दळण घेऊन आलेल्या त्याच्या चुलत्यानंही ओळखली आणि गिरणीवाल्याला विचारलं, “आमचं पोरगं हितं काय करून राहिलं?”

गिरणीवाला नुसता हसला. ते हसू ऐकून आत देविदास थिजला. मी आपला अंग ताणून उभा, आणि उपयोग शून्य! माझा असा जळफळाट झाला की सांगता सोय नाही.

पुढच्या बाजारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. ताई सगळ्यांना चपला आत आणायला सांगू लागल्या. पण बसायच्या जागी पायताण कसं आणायचं? पोरं लाजून तशीच बाहेर काढून यायची. दिवाळी जवळ येत होती, आणि मी वारा नसतानाही हलत होतो.

मग एका दुपारी देविदास आला, अनवाणी. चपला वावरात लपवल्या होत्या. तळव्यात बाभळीचा काटा मोडला होता. स्वानंद त्याला तसाच जीपनं घेऊन गेला.

निकाल ऐकायलाही तो अनवाणीच आला. रक्तात दोष नव्हता. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं, तोवर निरोध वापरायचा, असं ताईंनी समजावलं. देविदासनं मान हलवली.

“ताई, तवा बी अनवाणीच येऊ काय?”



तीन महिने भरायच्या आतच अभ्यासाची मुदत संपली. खोली सोडली. मला घडी घालून ताईंच्या माळ्यावर गाठोड्यात बांधलं, आणि तिथं मी नुसता तळमळतो. तो आला असेल, तर कुलूप बघून परत गेला असेल.

तुम्हाला कुठं भेटला तर त्याला सांगा, हिंगोलीच्या दवाखान्यात अजून तपासतात. तिथं चपला घालून आत जाता येतं.