मागच्या बाजूची कवटी

डब्यावरचं कपाशीचं बोंड तेच होतं — पांढरं, टपोरं, खाली दोन हिरवी पानं — आणि फळीवर हळद-तिखटाच्या शेजारी ते बघून झुलालला आधी आनंदच झाला, खोटं कशाला बोला. जळगावात, पिंप्राळ्याच्या खोलीत आठ दिवस ब्रश चालवून काढलेलं आपलं बोंड शिंदखेड्याला, धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात… मग बहिणीने, कमलबाईने, तोच डबा उघडला, गुळाचा खडा चहाच्या आधणात टाकला, एक तुकडा चार वर्षांच्या लेकीच्या, लताच्या हातावर ठेवला, आणि त्याचा आनंद तिथेच संपला. त्या डब्यात कपाशीवर मारायची भुकटी येते. विष.

नजर आधी कुठे जाते हे त्याला कळत होतं, त्याचं पोटच त्यावर होतं. आधी बोंड, मग गोल लाल अक्षरांतलं नाव, मग पानं… पहिल्या नमुन्यात कवटीही पुढेच होती, बोंडाएवढी. कारखान्याचे शेठ म्हणाले, हे बघून गिऱ्हाईक पळेल, मागे न्या, लहान करा. आणि नेली की! नुसती नेली नाही — मी ती सूचनांच्या मुंगीएवढ्या अक्षरांत, पत्र्याच्या जोडाजवळ अशी बसवली की शेठने पाठ थोपटली, आणि मला, नालायकाला, बरं वाटलं. शिकलेल्या माणसालाही ती शोधावी लागेल. कमलला तर अक्षरओळखच नाही.

लता गूळ चोखत होती. सांग, आत्ता सांग… पण सांगितलं की कमल विचारणार, तुला ठाऊक होतं, तर असं का काढलंस? त्या एका प्रश्नाला भिऊन तो बसून राहिला — पोरीच्या गालातला खडा विरघळत असताना, आधणाला उकळी फुटेपर्यंत! मग एकदम उठून त्याने तिच्या तोंडात बोट घालून खडा काढला. पोरीने भोकाड पसरलं.

"कमल, हाऊ डबा टाकी दे. चहाबी ओती दे. जहर शे."

कमलबाई चिडली नाही. राखेने तीनदा घासलाय, म्हणाली. शेतात पडलेला डबा तिने मुद्दाम आणला होता, भावाचं चित्र म्हणून. शेजारणींना कौतुकाने दाखवलाही होता, आणि ते बघून त्यांनीही आपापले घासून घरात घेतले होते. कुणी मीठ ठेवलं, कुणी डाळ.

त्याने डबा फिरवून कवटीवर बोट ठेवलं. तिने डोळे बारीक केले, त्याच्या बोटाकडे पाहिलं, मग पुन्हा डबा फिरवून बोंड समोर घेतलं.

"तू काढेल शे, भाऊ. मंग त्यामा जहर कसं व्हई?"

ज्याला तो भीत होता तो प्रश्न आलाच नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, लेकराला कडेवर घेऊन, आता भाऊ हसेल आणि थट्टा केली म्हणेल अशी… गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन हे सांगायचं होतं, आणि प्रत्येक दारात ते चित्रच त्याला खोटं पाडणार होतं. त्याने डबा खाली ठेवला. मघापर्यंत त्याला बहिणीची भीती वाटत होती. आता स्वतःच्या हाताची वाटायला लागली.